परसातली धामण हलवू नका

पाऊस लागला की भिलाईच्या टाउनशिपमधून एक प्रश्न हमखास येतो. क्वार्टरच्या मागे पेरूखाली बीळ आहे, त्यात लांबलचक साप जाताना दिसतो, दोन दिवसांनी पुन्हा दिसतो. सर्पमित्राला बोलावून त्याला जंगलात सोडून यावं का? विचारणाऱ्याला साप मारायचा नसतो, ही मोठीच गोष्ट आहे. एका पिढीपूर्वी आधी काठी आठवली असती.

साप धामण असेल, तर माझं उत्तर आहे: नको, तिला तिथेच राहू द्या.

ती तिथे का येते ते आधी पाहू. १९५५ साली पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, फेब्रुवारी १९५९मध्ये भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. कारखान्याबरोबर उभी राहिलेली टाउनशिप धानाच्या मुलखात वसली. धान तिथे उंदीर आणि उंदीर तिथे साप, हा क्रम सेक्टर आखल्याने मोडला नाही. उलट पुढेमागे मोकळी जागा, भाजीचे वाफे आणि विटांचे ढीग यांनी तो पक्का केला. आपल्याकडचे साप सहसा स्वतः बीळ खणत नाहीत, उंदीर-घुशींनी खणलेल्या घरात किंवा वारुळात शिरतात. म्हणून पेरूखालचं बीळ हे आधी उंदरांचं काम, मग सापाचा मुक्काम.

धामणीला छत्तीसगढीत असढ़िया म्हणतात, नागाला डोमी, मण्यारीला करैत. धामण दिवसा फिरते, सहज दोन मीटरपर्यंत वाढते, डोळे मोठे आणि गोल, ओठांवर उभ्या काळ्या रेघा. ती बिनविषारी आहे. कोंडीत सापडली की मान फुगवून गुरगुरते आणि तिथेच लोक तिला नाग समजतात. नाग मात्र फणा काढतो, मानेच्या बरगड्या पसरवून. धामण असली की नाग फिरकत नाही, या समजुतीला आधार नाही. पण ती उंदीर खाते, आणि उंदीर कमी झाले की नागाला यायचं कारणही कमी होतं.

आता ‘जंगलात सोडण्या’विषयी. पेनसिल्व्हेनियात रायनर्ट आणि रुपर्ट या संशोधकांनी काही टिंबर रॅटलस्नेक पकडून दुसऱ्या जंगलात सोडले, त्यांच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवले आणि तिथल्या मूळ सापांशी तुलना केली. १९९९ साली निष्कर्ष छापून आले: आणून सोडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मेले, मूळच्यांपैकी साधारण एक नवमांश. जंगल तेच, भक्ष्यही तेच. फरक एवढाच की नव्याला पाणी कुठे, लपायची जागा कुठे, थंडीत जायचं कुठे, हे ठाऊक नव्हतं. तो सतत भटकत राहिला आणि भटकणारा साप शिकाऱ्याच्या नजरेत येतो. धामण म्हणजे रॅटलस्नेक नव्हे आणि छत्तीसगडात पेनसिल्व्हेनियाची थंडी नाही, हे मान्य. पण कर्नाटकात अगुंबेला नागराजाचा माग काढला तेव्हाही हलवलेला साप फारच जास्त भटकला होता. पोत्यात घालून वीस किलोमीटरवर सोडलेल्या सापाचे प्राण वाचले असं आपण म्हणतो, कारण पुढचं आपण पाहत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या ‘रेस्क्यू’च्या चित्रफिती पोतं उघडलं की संपतात. सापाची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

साप हाताळण्याच्या शौर्याचं कौतुक आपल्याकडे फार आहे, म्हणून १९८० साल आठवावंसं वाटतं. पुण्यात नीलिमकुमार खैरे एका काचेच्या खोलीत ७२ सापांबरोबर ७२ तास राहिले. नाग होते, घोणशी होत्या, पट्टेरी मण्यारी होत्या. साप विनाकारण चावत नाही, हे त्यांना लोकांना दाखवायचं होतं. साप अंगावरून गेले तरी ते शांत राहिले. मला या प्रयोगातलं सर्वांत थोर काम तेच वाटतं. न हलणारा माणूस सापाच्या लेखी भक्ष्य नाही आणि शत्रूही नाही. बागेत साप दिसल्यावर जागीच थांबायचं आणि मग हळूच मागे सरायचं, एवढंच आपल्याला करायचं आहे. कॅमेऱ्यासाठी शेपटी धरणाऱ्यांनी खैरेंच्या प्रयोगातून नेमका उलटा धडा घेतला, याचं वाईट वाटतं.

साप तिथेच राहू द्या, हा सल्ला मात्र मण्यारीला लागू करू नका. ती रात्री फिरते, अनेकदा घरात येते आणि जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश इतका बारीक की झोपमोडही होत नाही. पहाटे पोट दुखतं, मग पापण्या जड होतात, मग श्वास. हे का घडतं याचं उत्तर तैवानमध्ये सापडलं. चांग चुआन-चिउंग आणि त्यांचे गुरू ली चेन-युआन यांनी १९६३ साली तिथल्या मण्यारीच्या विषातून दोन प्रकारची द्रव्यं वेगळी केली. नसेने स्नायूला असेटिलकोलिनच्या भाषेत निरोप द्यायचा असतो. अल्फा प्रकारचं विष ऐकणाऱ्याच्या कानात बोळा घालतं, बीटा प्रकारचं बोलणाऱ्याची जीभच कापतं. नागाच्या विषातली चेतातंतूंवर चालणारी द्रव्यं मुख्यतः पहिल्या जातीची, म्हणून प्रतिविषाने बोळा निघू शकतो. मण्यारीकडे दुसरी जातही आहे, आणि कापलेली जीभ प्रतिविष जोडू शकत नाही, ती हळूहळू पुन्हा वाढावी लागते. मण्यारीच्या दंशात पहिले तास इतके मोलाचे, ते यासाठी.

त्याच अल्फा प्रकारच्या विषाच्या, म्हणजे अल्फा-बंगारोटॉक्सिनच्या आधारे १९७० साली पॅरिसला झाँ-पिएर शाँझो यांनी असेटिलकोलिनचा ग्राही, म्हणजे तो ऐकणारा कान, पकडला. स्नायू दुर्बल करणाऱ्या मायस्थेनिया ग्राव्हिस या आजाराचं कोडं सुटायला तिथून वाट मिळाली. नाव शाँझोंचं झालं. ली त्या शोधनिबंधाचे सहलेखक होते, हे फारसं कुणी सांगत नाही. हेच ली पुढे म्हातारपणी तैवानमध्ये भाषणस्वातंत्र्य दडपणाऱ्या कायद्याविरुद्ध रस्त्यावर उतरले. असा माणूस शाळेच्या पुस्तकात असायला हवा होता.

मण्यारीपासून वाचवणारी सर्वांत प्रभावी वस्तू कोणती? मच्छरदाणी. आग्नेय नेपाळमध्ये फ्रांस्वा शाप्युई आणि सहकाऱ्यांनी केलेल्या, २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना झोपेत साप चावण्याचा धोका अगदी थोडा आढळला. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी आणि जमिनीऐवजी खाट, बस. त्यासमोर फिनाइल, कार्बोलिक आम्ल, लसूण यांवर पैसे घालवू नका. सापाला पळवणारं रसायन म्हणून त्यांच्यावर भरवसा ठेवण्याजोगा पुरावा नाही.

बाकी काम उंदरांपाशी सुरू होतं. सांडलेलं धान्य उचला, कोंबड्यांचं खाद्य झाकून ठेवा, विटा आणि सरपण भिंतीपासून दूर रचा. दाराखालची फट बुजवा, मोरीच्या तोंडाला जाळी लावा. रात्री परसात जाताना पायात बूट आणि हातात टॉर्च. वाफ्यातला पालापाचोळा हाताने नव्हे, काठीने सरकवा. घरात नाग किंवा मण्यार शिरली तर मात्र जाणता सर्पमित्र आणि वन विभाग यांनाच बोलवा, आणि साप जवळच्याच सुरक्षित जागी सोडायला सांगा. साप मारणं किंवा पाळणं हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचा प्रश्न आहे, तेव्हा बाटलीत ठेवून शेजाऱ्यांना दाखवायचा मोहही आवरा.

चावलाच, तर आवळपट्टी बांधू नका, जखम कापू नका, चोखू नका. अंगठ्या-बांगड्या काढा, चावलेला अवयव फळीला बांधा, हलू देऊ नका आणि बैगाकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, न थांबता मोठं रुग्णालय गाठा. भिलाईत त्यासाठी सेक्टर ९चं जवाहरलाल नेहरू रुग्णालय आहे. मण्यारीच्या रुग्णाला प्रतिविषाइतकीच व्हेंटिलेटरची गरज पडू शकते, म्हणून निघताना फोन करून दोन्हींची चौकशी करा. साप पकडून बरोबर नेण्याची गरज नाही: भारतात मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारही सापांवर एकत्रच चालतं.