मँचेस्टर–बोल्टन–बेरी : कोळशाचा कालवा

मँचेस्टर, बोल्टन आणि बेरी ही इंग्लंडच्या वायव्येकडची तीन शहरे. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांना जोडणारा एक कालवा खोदला गेला. त्याची एकूण लांबी सुमारे 15 मैल. नकाशावर तो इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसतो. मँचेस्टरला खेटून असलेल्या सॉल्फर्डपासून अर्वेल नदीच्या खोऱ्याने तो वर चढतो आणि प्रेस्टोली गावाजवळ नॉब एंड येथे दुभंगतो. एक फाटा पश्चिमेला बोल्टनकडे जातो, दुसरा पूर्वेला बेरीकडे. 1961 साली तो अधिकृतपणे बंद झाला. रेल्वे आली आणि कालवे गेले, असे अशा कालव्यांबद्दल सर्रास सांगितले जाते. इथे मात्र ते अर्धेच खरे आहे.

13 मे 1791 रोजी ब्रिटिश संसदेने या कालव्याला कायद्याने मंजुरी दिली. कामाची तांत्रिक धुरा सांभाळणाऱ्यांत मॅथ्यू फ्लेचर हे महत्त्वाचे नाव. हा माणूस मुळात कोळसा खाणीचा मालक. क्लिफ्टन येथील त्याच्या वेट अर्थ खाणीत पाणी साचत असे. ते उपसण्यासाठी जेम्स ब्रिंडली या नामवंत अभियंत्याने 1750च्या दशकात अर्वेलचे पाणी नदीच्या तळाखालून बोगद्याने पलीकडे नेऊन पाणचक्की फिरवली होती. त्याच पाटाचा पुढे फ्लेचरने स्वतःचा छोटा कालवा केला आणि तो मुख्य कालव्याला जोडला. खाणीच्या तोंडाशी होडी लागावी आणि कोळसा थेट शहरात उतरावा, ही या साऱ्या उद्योगामागची निकड होती. त्या काळी घोडागाडीने कोळसा नेण्याचा खर्च फार येई. उलट, एकच घोडा काठावरून चालत पाण्यातला टनावारी माल सहज ओढून नेई.

सुरुवातीला कालवा अरुंद होड्यांपुरताच खोदायचे ठरले होते. पण लीड्स–लिव्हरपूल कालव्याशी जोडणी होईल अशी आशा निर्माण झाली आणि 1794 मध्ये बेत बदलला. सुमारे 14 फूट रुंदीच्या होड्या जाव्यात म्हणून बांधकाम रुंद केले. ती जोडणी कधीच झाली नाही. म्हणजे ज्या कालव्याशी जुळावे म्हणून पैसा ओतला, तो दुसऱ्याच वाटेने निघून गेला, आणि हा कालवा आयुष्यभर एका खोऱ्यापुरताच राहिला. 1796 पर्यंत बराचसा मार्ग वाहतुकीला खुला झाला. सॉल्फर्डचे टोक अर्वेल नदीला मिळायला मात्र 1808 साल उजाडले.

सॉल्फर्ड ते नॉब एंड ही चढण 187 फुटांची. त्यासाठी 17 लॉक बांधावे लागले. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. होडी आत घेऊन दरवाजे लावायचे, वरून पाणी सोडायचे, हौद भरला की होडी आपोआप वरच्या पातळीला येते. उतरताना हेच उलट क्रमाने. नॉब एंडला टेकडीचा उतार इतका तीव्र आहे की जेमतेम 200 यार्डांच्या अंतरात 64 फूट चढायचे होते. म्हणून तिथे तीन-तीन लॉकचे दोन संच एकावर एक रचले. प्रत्येक संचात खालच्या हौदाचा वरचा दरवाजा हाच वरच्या हौदाचा खालचा दरवाजा. सहा हौद पार करायला वेळ लागे आणि पाणीही भरपूर खर्ची पडे. बोल्टन–मँचेस्टर मार्गावर प्रवासी होड्या चालत, त्यांनी यावर सोपा तोडगा काढला होता. प्रवासी नॉब एंडला उतरत, उतारावरून पायी चालत आणि दुसऱ्या पातळीवर थांबलेल्या होडीत बसत. होड्या आपापल्या पातळीवरच राहत.

नॉब एंडच्या वर मात्र दोन्ही फाट्यांवर एकही लॉक नाही. डोंगरउताराला धरून, जमिनीची पातळी सांभाळत पाणी थेट बोल्टन आणि बेरीपर्यंत नेलेले आहे. या पातळीला पाणी पुरवण्यासाठी बेरीजवळ एल्टन येथे जलाशय बांधला. खाली सॉल्फर्ड ते नॉब एंडच्या वाटेत अर्वेल नदी आडवी येते, ती ओलांडण्यासाठी प्रेस्टोलीला चार कमानींचा आणि क्लिफ्टनला तीन कमानींचा दगडी जलसेतू आहे. खाली नदी, वर कालवा अशी ही रचना आजही उभी आहे आणि दोन्ही वास्तूंना कायद्याचे संरक्षण आहे.

कोळसा वाहायची इथली पद्धतही खास होती. होडीत मोकळा कोळसा न ओतता तो लाकडी पेट्यांत भरत आणि त्या पेट्या ओळीने होडीत ठेवत. मुक्कामी क्रेनने पेटीच उचलायची. आजची कंटेनर वाहतूक हेच करते. रॅडक्लिफजवळ माउंट सायन येथे अशा पेट्या उचलणाऱ्या वाफेच्या क्रेनचे अवशेष अजून आहेत.

सप्टेंबर 1830 मध्ये लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे सुरू झाली आणि कालवा कंपनीचे धाबे दणाणले. तिने धाडसी निर्णय घेतला : कालवाच बुजवायचा आणि त्यावर रूळ टाकायचे. 1831च्या कायद्याने कंपनीच्या नावातही ‘रेल्वे’ हा शब्द आला. पण काठच्या खाणमालकांनी कडाडून विरोध केला, कारण त्यांच्या खाणी कालव्याच्या भरवशावर चालत होत्या. अखेर 1832 मध्ये कालवा राखून शेजारून रूळ नेण्याचे ठरले. 29 मे 1838 रोजी सॉल्फर्ड–बोल्टन रेल्वे धावू लागली. प्रवासी लगेच रेल्वेकडे गेले, कोळसा मात्र आणखी शतकभर पाण्यावरून जात राहिला. 1846 मध्ये कंपनी मँचेस्टर–लीड्स रेल्वेत विलीन झाली. तेव्हापासून कालव्याची मालकी त्याच्याशी स्पर्धा करणाऱ्यांच्याच हाती होती. त्यांनी तो मारला नाही, पण त्याच्यासाठी जीवही टाकला नाही.

त्याच्यावर खरा घाव जमिनीखालून बसला. खाणीतून कोळसा काढला की वरची जमीन हळूहळू खचते. कालव्याचे पाणी सपाट राहायला हवे, त्यामुळे जमीन खचेल तसे काठ उंचावत राहणे भाग पडे. वर्षानुवर्षे ही डागडुजी चालली. जुलै 1936 मध्ये नॉब एंडजवळ बेरीच्या फाट्याचा काठ फुटला आणि पाण्याचा लोंढा उतारावरून खाली अर्वेलच्या पात्रात गेला. तोवर वाहतूक इतकी घटली होती की खिंडार बुजवण्याचा खर्च परवडणारा नव्हता. ते तसेच राहिले. कालवा दोन तुकड्यांत विभागला गेला : एल्टनच्या पाण्यावर जगणारा बेरीकडचा तुकडा थोडी वर्षे कोळसा वाहत राहिला, बोल्टनकडचा ओस पडला. 1941 च्या कायद्याने मोठे भाग सोडून दिले गेले, 1961 मध्ये उरलेलेही. ज्या कोळशासाठी हा कालवा खोदला, त्याच कोळशाच्या खाणींनी त्याच्या पायाखालची जमीन काढून घेतली, असाच निष्कर्ष निघतो.

पुढच्या काळात त्यावर रस्ते आले. बोल्टनमधील बराच मार्ग सेंट पीटर्स वे या रुंद रस्त्याखाली गेला. मोटारमार्गानेही क्लिफ्टनकडे तो तोडला. एका गोष्टीचे मात्र निसर्गप्रेमींना विशेष अप्रूप आहे. एकोणिसाव्या शतकात नॉब एंडला सोडा बनवणारा कारखाना होता आणि त्याचा चुनायुक्त टाकाऊ माल तिथेच ढिगाने टाकला जाई. तो ढीग विषारी होता. पण काळाच्या ओघात पावसाने धुऊन तो निवला आणि या आम्लधर्मी मुलखात चुन्यावर वाढणाऱ्या वनस्पतींना जागा मिळाली. आज तिथे रानटी ऑर्किड फुलतात आणि ती जागा वैज्ञानिक महत्त्वाचे संरक्षित क्षेत्र आहे.

1987 मध्ये स्वयंसेवकांनी संस्था काढून कालवा पुन्हा जिवंत करण्याची मोहीम हाती घेतली. 2008 मध्ये सॉल्फर्डच्या टोकाचा छोटा भाग नदीपासून पुन्हा खुला झाला. नॉब एंडच्या लॉकजवळ मेकॅनो या खेळण्याच्या धर्तीवर, पण माणसांच्या मापाचा पादचारी पूलही उभा राहिला. तरी सॉल्फर्डचा पाणी असलेला तुकडा आणि वरचे तुकडे यांच्यात मैलोगणती कोरडा, बुजलेला मार्ग आहे आणि बोल्टनकडचा बराच मूळ मार्ग रस्त्याखाली आहे. कालवा पाहायचा असेल तर मँचेस्टरहून ट्रामने रॅडक्लिफला उतरावे आणि काठाच्या पायवाटेने नॉब एंडपर्यंत चालत जावे. पाणी, माउंट सायनच्या क्रेनचे अवशेष, 1936 चे खिंडार आणि लॉकचे दगडी हौद, हे सारे त्याच वाटेवर आहे.