अर्जापूरच्या पुढचं पान

बिलोलीत इतिहास शिकवताना मी आधी अर्जापूर घेते. मुलांना ते गाव पाठ. 1946 साली स्वातंत्र्यसैनिक गोविंदराव पानसरेंना तिथं रझाकारांनी, म्हणजे हैदराबादच्या निजामाच्या सशस्त्र पाठीराख्यांनी मारलं.

अवघड पान त्याच्या पुढचं. भारतीय फौजांच्या ‘पोलीस कारवाई’पुढं 17 सप्टेंबर 1948ला निजामानं शरणागती पत्करली आणि त्यानंतर कित्येक गावांत निरपराध मुसलमानांची कत्तल झाली. केंद्र सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं संस्थानातल्या मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत आपलं नांदेडही होतं. अहवाल मात्र अनेक दशकं दडवलेला राहिला.

माझ्या वर्गात एकाच बाकावर दोन मैत्रिणी बसतात. एकीची पणजी रझाकारांच्या धाडीत गाव सोडून पळाली, दुसरीचे पणजोबा पोलीस कारवाईनंतर घरी परतलेच नाहीत. एकीचंच दुःख फळ्यावर लिहायचं, हे मला पटत नाही. म्हणून शोएबुल्ला खानही सांगते. रझाकारांविरुद्ध लिहिणारा हा ‘इमरोज’चा संपादक, ऑगस्ट 1948 मध्ये त्यांच्याच हस्तकांनी त्याला संपवलं. जुलमाला धर्म चिकटवू नये, हे मुलांना इथं लख्ख कळतं.

गुरुजनहो, यंदा 17 सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की नववी-दहावीच्या मुलांना थांबवा आणि दोन्ही पानं वाचून दाखवा.