टायरकडे शंभरच रुपये असतात: रेसिंग गेममधली मदत बंद करून लॅप टाइम कसा कमी होतो

रेसिंग गेमच्या सेटिंगमध्ये 'असिस्ट्स' नावाचं एक पान असतं. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल, स्टॅबिलिटी कंट्रोल, ऑटोमॅटिक गिअर, ट्रॅकवर दिसणारी रंगीत रेघ. वेगवान खेळाडू हे सगळं बंद ठेवतात, असं कुणीतरी तुम्हाला सांगितलेलं असतं. मग एका शुक्रवारी रात्री तुम्ही उत्साहाने सगळी बटणं बंद करता आणि पहिल्याच वळणावर गाडी गरकन फिरून उलट्या दिशेला तोंड करून उभी राहते. तीन-चार वेळा असं झालं की मदत पुन्हा चालू होते, आणि 'हे काही आपलं काम नाही' असं ठरवून तुम्ही मोकळे होता.

तुमचा निष्कर्ष घाईचा आहे, आणि तो सल्लाही अर्धवटच होता. नुसती मदत बंद केल्याने गाडी जलद होत नाही. ती यंत्रणा जो निर्णय घेत होती, तो तुम्ही तिच्यापेक्षा बरा घ्यायला लागलात तरच वेळ वाचतो. हा निर्णय प्रत्येक वळणावर एकाच गोष्टीचा असतो: टायरची पकड किती आहे आणि ती कशावर खर्च करायची. उदाहरणासाठी इटलीतलं मोंझा सर्किट घेऊ. ५.७९३ किमीचा हा ट्रॅक अनेक गेम्समध्ये आहे, त्यामुळे वाचून झाल्यावर लगेच करून बघता येईल.

आधी या मदतनीसांची ओळख थोडक्यात. एबीएस ब्रेक दाबल्यावर चाक पूर्ण थांबू देत नाही. त्यासाठी ते ब्रेकचा दाब सेकंदाला अनेक वेळा कमी-जास्त करतं. तुम्ही बर्फ पडणाऱ्या देशात गाडी चालवत असाल तर पेडलची ती थरथर तुमच्या पायाला माहीत असेल. ट्रॅक्शन कंट्रोल याच्या उलट बाजूचं काम करतं: ॲक्सिलरेटर जास्त दाबला गेला आणि चाकं जागच्या जागी फिरायला लागली की इंजिनची ताकद कापतं. स्टॅबिलिटी कंट्रोल गाडी हवी त्यापेक्षा जास्त किंवा कमी वळते आहे असं दिसलं की एखाद्याच चाकाला ब्रेक लावून तिला मार्गावर आणतं. खऱ्या रस्त्यावर ही यंत्रणा जीव वाचवते. अमेरिकेत २०१२ च्या मॉडेलपासून आणि युरोपीय संघात नोव्हेंबर २०१४ पासून नव्या गाड्यांमध्ये ती सक्तीची आहे. तेव्हा पुढे लिहिलेलं काहीही ऑफिसला जाताना करून बघायचं नाही. हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

शर्यतीतलं गणित वेगळं आहे. फॉर्म्युला वनने १९९४ च्या मोसमापासून अशा मदतींवर बंदी घातली. ट्रॅक्शन कंट्रोल २००१ मध्ये परत आलं आणि २००८ पासून पुन्हा गेलं.

टायर पकडतो म्हणजे काय करतो

गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो साधारण चार तळहातांएवढ्या रबरातून. थांबणं, वळणं, वेग घेणं, सगळं त्या चार तुकड्यांच्या जोरावर. आणि गंमत अशी की रबर थोडं घसरल्याशिवाय पकडतच नाही. ब्रेक लावल्यावर चाक रस्त्याच्या वेगापेक्षा किंचित हळू फिरतं, त्यामुळे रबर ताणलं जातं आणि त्या ताणातून बल मिळतं. ही घसरण साधारण १० टक्क्यांच्या आसपास पोहोचेपर्यंत पकड वाढत जाते. त्यापुढे ती उतरते. चाक पूर्ण थांबलं, म्हणजे घसरण १०० टक्के झाली, की पकड सर्वोच्च बिंदूच्या बरीच खाली आलेली असते.

शिवाय थांबलेल्या चाकाला दिशा उरत नाही. ते रस्त्यावरून ओढल्या जाणाऱ्या खोडरबरासारखं होतं. खोडरबर तुम्ही कुठल्याही कोनात धरा, घर्षण त्याच्या हालचालीच्या बरोबर उलट दिशेनेच लागतं. म्हणून पुढची चाकं लॉक झाल्यावर स्टिअरिंग कितीही फिरवलं तरी गाडी नाकासमोर चालू लागते. अशा वेळी उपाय हाताकडे नसतो, पायाकडे असतो. ब्रेक थोडा सोडा, चाक फिरू लागेल, दिशा परत येईल.

आता मुख्य हिशेब. समजा प्रत्येक टायरकडे पकडीचे शंभर रुपये आहेत. ब्रेक आणि वळण दोन्ही त्यातूनच भागवायचं आहे. पण ही साधी वजाबाकी नाही. ब्रेकचं बल गाडीच्या लांबीच्या दिशेने असतं आणि वळणाचं बल आडव्या दिशेने, म्हणजे दोन्ही एकमेकांशी काटकोनात. त्यामुळे इथे आठवी-नववीतला पायथागोरस लागू होतो: ब्रेकचा वर्ग अधिक वळणाचा वर्ग म्हणजे शंभराचा वर्ग.

ब्रेकवर पूर्ण १०० खर्च केले तर वळायला शून्य उरतात. ब्रेकवर ९० खर्च केले तर वळायला १० नाही, तब्बल ४४ मिळतात. ब्रेकवर ७० असतील तर वळायला ७१. ब्रेकवर ५० असतील तर वळायला ८७. पहिले दहा रुपये सोडल्याबरोबर चव्वेचाळीस हाती येतात. असा सौदा कुठल्याही बाजारात मिळणार नाही. आणि एबीएसच्या भरवशावर पाय तळापर्यंत दाबून ठेवणारा खेळाडू नेमका हाच सौदा नाकारतो. एबीएस त्याचं चाक लॉक होऊ देत नाही हे खरं, पण जवळपास सगळी रक्कम ब्रेककडे जात राहते आणि गाडी वळत नाही. मग तो सरळ रेषेत ब्रेक लावतो, पूर्ण सोडतो, क्षणभर काहीच करत नाही आणि मग वळतो. त्या मधल्या क्षणात टायरच्या खिशातले शंभर रुपये तसेच पडून असतात.

खऱ्या टायरचं वर्तुळ इतकं गोल नसतं. भार, तापमान, झीज यांनी त्याचा आकार बदलतो. चांगल्या गेममध्ये हेही धरलेलं असतं. प्रत्येक टायरचं बल सेकंदाला काही शे वेळा मोजलं जातं आणि त्यामागे हॉलंडचे संशोधक हान्स पासेयका यांच्या सूत्रासारखी, खऱ्या वाहन अभियांत्रिकीत वापरली जाणारी सूत्रं असतात. हे गणित वास्तवाच्या किती जवळ जाऊ शकतं? 'ग्रान तुरिस्मो' खेळून २०११ ची जीटी अकादमी स्पर्धा जिंकलेला यान मार्डनबरो २०१३ मध्ये ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला आणि त्याचा संघ एलएमपी२ गटात तिसरा आला.

मोंझाचं पहिलं वळण

मुख्य सरळ रस्ता संपतो तिथे उजवी-डावी अशी अरुंद शिकेन आहे. जीटी प्रकारची गाडी इथे साधारण २७० च्या वेगाने येते आणि ७०-८० पर्यंत उतरते. शुक्रवारी रात्री तुमची गाडी फिरली ती बहुधा इथेच.

ती का फिरली, याचं उत्तर वजनात आहे. समजा गाडी १३०० किलोची, गुरुत्वमध्य ०.४५ मीटर उंचीवर आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २.६ मीटर. १ जी इतक्या जोराने ब्रेक लावला तर १३०० गुणिले ०.४५ भागिले २.६, म्हणजे २२५ किलो भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. मुळात वजन निम्मं-निम्मं असेल तर आता पुढे ८७५ आणि मागे फक्त ४२५. मागचे टायर गरीब झाले आहेत. त्यांच्याकडे शंभर रुपये उरलेलेच नाहीत. अशा वेळी तुम्ही जोरात ब्रेक ठेवून स्टिअरिंगही झटक्याने फिरवलं, तर पुढची बाजू वळते आणि मागची सुटते. स्टॅबिलिटी कंट्रोल असताना हे तुमच्या नकळत सावरलं जात होतं.

पण हीच गोष्ट मापात वापरली तर फायद्याची आहे. ब्रेक थोडा शिल्लक असताना पुढच्या टायरवर भार असतो, म्हणून नाक चटकन वळतं. ब्रेक एकदम सोडला तर नाक उचललं जातं आणि गाडी बाहेरच्या बाजूला वाहत जाते. म्हणून क्रम असा: सरळ रेषेत सुरुवातीलाच ब्रेक जोरात, वेग उतरेल तसा दाब हळूहळू कमी, वळायला सुरुवात करताना पेडलवर अजून थोडा दाब शिल्लक, आणि स्टिअरिंग जितकं जास्त वळेल तितका ब्रेक कमी, इतका की वळणाच्या सर्वांत आतल्या बिंदूपाशी तो शून्य व्हावा. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. पंख असलेल्या गाडीत दाब कमी करत जायला आणखी एक कारण आहे. हवेचा खाली दाबणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे २७० वर तो जितका असतो त्याच्या चौथा हिस्साच १३५ वर उरतो. सुरुवातीला चाललेला दाब तसाच ठेवला तर शेवटी चाक लॉक होणारच.

हे पायाला समजायला वेळ लागतो. माझ्या मते मदत बंद करून मिळणाऱ्या वेळेतला सर्वांत मोठा वाटा या एका सवयीचा आहे. बाकी सगळं त्यानंतर.

बाहेर पडताना हिशेब तोच, फक्त ब्रेकच्या जागी ॲक्सिलरेटर. विहिरीच्या कप्पीवर एकाच दोराला दोन बादल्या बांधल्या आहेत असं समजा: स्टिअरिंगची बादली खाली जाईल तेवढीच ॲक्सिलरेटरची वर येईल. मोंझाचं शेवटचं वळण पाराबोलिका (२०२१ पासून याला मिकेले आल्बोरेतोचं नाव दिलं आहे) यासाठी उत्तम शाळा आहे, कारण ते पुढेपुढे मोकळं होत जातं. त्याच्यानंतर एक किलोमीटरहून लांब सरळ रस्ता आहे. त्या एका किलोमीटरवर सरासरी २३० ऐवजी २३३ चा वेग मिळाला तर ०.२ सेकंद वाचतात. वळणात घुसताना दाखवलेलं धाडस बहुधा बाहेर पडतानाचा ॲक्सिलरेटर उशिरा करतं आणि त्याची किंमत पुढचा अख्खा सरळ रस्ता मोजतो.

कोणतं बटण कधी

सगळं एकाच रात्री बंद करू नका. सर्वांत आधी रंगीत रेघ घालवा. ती डोळ्यांना दहा मीटरवर खिळवून ठेवते आणि तुमचे टायर आज किती झिजले आहेत हे तिला कळत नाही. तिच्याऐवजी कडेच्या अंतराच्या पाट्या, पुलाची सावली, कर्बची सुरुवात अशा खुणा धरा. रेघ ज्या भूमितीवर आखलेली असते ती मात्र शिकून घ्या. वळणातला कमाल वेग त्रिज्येच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. टायरची पकड १ जी धरली तर ५० मीटर त्रिज्येच्या वळणात ८० किमीचा वेग निघतो. रस्त्याची पूर्ण रुंदी वापरून तीच त्रिज्या ७२ मीटर केली तर ९५ च्या पुढे. इंजिन तेच, टायर तेच.

मग स्टॅबिलिटी कंट्रोल बंद करा. मला हा मदतनीस सर्वांत खर्चिक वाटतो, कारण गाडी फिरायला लागली की तो ब्रेक लावतो आणि वेगाने वळायचं तर गाडी थोडी फिरायलाच हवी. पुढे गिअर हातात घ्या. वळणातून निघताना वरचा गिअर जरा लवकर टाकला तर चाकांवरचा जोर उतरतो आणि ती जागच्या जागी फिरत नाहीत. हे जमलं की ट्रॅक्शन कंट्रोलची पातळी एकेक करून खाली आणा.

एबीएसचा क्रमांक शेवटचा, आणि काही गाड्यांत ते बंद करण्याची गरजही नाही. खऱ्या जीटी३ गाड्यांमध्ये एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल असतंच. 'असेटो कोर्सा कॉम्पेतिझिओने'मध्ये म्हणूनच ते गाडीचा भाग आहे आणि वेगवान मंडळी ते बिनदिक्कत वापरतात. तिथे ते बंद करून हळू जाणं हा नुसता मानाचा प्रश्न होऊन बसतो. एबीएस बंद केलंच, तर ब्रेकची विभागणी थोडी पुढच्या चाकांकडे सरकवून सुरुवात करा, म्हणजे मागची चाकं आधी लॉक होणार नाहीत.

साधनांवर फार खर्च नको. पण टीव्हीवर खेळत असाल तर 'गेम मोड' नक्की चालू करा. २७० च्या वेगात गाडी सेकंदाला ७५ मीटर जाते. पडद्याने एक दशांश सेकंद उशीर केला तर तुम्ही साडेसात मीटर जुनं चित्र बघून ब्रेक लावत असता.

सरावात एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दहा लॅप मारा. सर्वांत जलद लॅप बघू नका, दहांमधला फरक बघा. तो दोन सेकंदांचा असेल तर अजून ब्रेकची खूण पक्की झालेली नाही. फरक अर्ध्या सेकंदाच्या आत आला की खूण दोन-तीन मीटर पुढे सरकवा. गेममध्ये टेलिमेट्री असेल तर पहिल्या शिकेनपाशी ब्रेकचा आलेख उघडा. डावीकडे उभी भिंत आणि उजवीकडे लांब उतार असेल तर पाय बरोबर शिकतो आहे. उजवीकडेही भिंतच असेल, तर ब्रेक अजून एकदम सुटतो आहे. त्या भिंतीच्या पायथ्यापासून ॲक्सिलरेटरचा आलेख सुरू होईपर्यंतची मोकळी जागा मोजा. त्यातला बराचसा वेळ तुम्हाला परत मिळवता येतो.