सायलोसिबिन : वैध व्यवहार व आदिवासी परंपरा

सायलोसिबिन हे काही जातींच्या भूछत्रांत आढळणारे, ट्रिप्टामीन गटातील भ्रमोत्पादक अल्कलॉइड होय. शरीरात त्याचे सायलोसिनात रूपांतर होते व ते मेंदूतील सेरोटोनिनाच्या ग्राहींवर क्रिया करते. परिणामी संवेदन, कालभान व मनोभाव यांत काही तास टिकणारे बदल घडून येतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बहुतेक देशांनी निषिद्ध ठरविलेल्या या द्रव्याचा परवानाधारक व्यवहार अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही राज्यांनी २०२० नंतर सुरू केला. ज्या समाजांनी या भूछत्रांचे ज्ञान जतन केले, त्यांचे या व्यवहारातील स्थान हा त्यातून उद्‌भवलेला प्रमुख प्रश्न आहे.

पारंपरिक उपयोग : मेक्सिकोतील नावात्ल भाषिक लोक अशा भूछत्रांना ‘तेओनानाकात्ल’ म्हणत. स्पॅनिश धर्मोपदेशक बेर्नार्दिनो दे साआगुन याने सोळाव्या शतकात त्यांची नोंद केली आहे. चर्चच्या विरोधामुळे ही प्रथा उघडपणे पाळणे अशक्य झाले. तथापि वाहाका राज्याच्या डोंगराळ प्रदेशातील मासातेक, तसेच मिहे, सापोतेक इ. समाजांत ती टिकून राहिली. मासातेकांच्या ‘वेलादा’ या रात्रविधीत जाणती स्त्री वा पुरुष मंत्रगायन करीत आजाराचे कारण व त्यावरील उपाय शोधतो. भूछत्रे पूज्य मानली जातात व विधीपूर्वी संयम पाळला जातो. केवळ अनुभवासाठी त्यांचे सेवन करणे हे या परंपरेत अनुचित समजले जाते.

ज्ञानाचा प्रसार : जून १९५५ मध्ये न्यूयॉर्क येथील बँकव्यावसायिक आर्. गॉर्डन वॉसन याने वाउत्ला दे हिमेनेस या गावी मारिआ साबिना (१८९४–१९८५) या मासातेक उपचारकर्तीच्या विधीत भाग घेतला आणि मे १९५७ मध्ये लाइफ या नियतकालिकात त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. लेखात तिचे खरे नाव नव्हते, तरी तिचा ठावठिकाणा लवकरच सर्वज्ञात झाला. १९५८ मध्ये स्विस रसायनशास्त्रज्ञ आल्बेर्ट होफमान याने सॅन्डोझ कंपनीच्या प्रयोगशाळेत सायलोसिबिन अलग केले. पुढे कंपनीने ते ‘इंडोसायबिन’ या नावाने संशोधकांना व वैद्यांना पुरविले. याउलट वाउत्ला येथे परदेशी तरुणांची रीघ लागली, विधीचे पावित्र्य लोपले व पोलिसांचा ससेमिरा मागे लागला. गावकऱ्यांनी याचा दोष मारिआ साबिना हिला दिला. तिचे घर जाळण्यात आले. तिला अखेरपर्यंत दारिद्र्यातच दिवस काढावे लागले.

निर्बंध व वैध व्यवहार : अमेरिकेने १९७० च्या नियंत्रित द्रव्यविषयक कायद्याने सायलोसिबिन सर्वाधिक निर्बंधांच्या पहिल्या अनुसूचीत घातले. मनोवर्ती द्रव्यांविषयीच्या १९७१ च्या आंतरराष्ट्रीय करारातही ते पहिल्या अनुसूचीत आहे. मात्र विशिष्ट लहान समाजांच्या धार्मिक विधींत वापरल्या जाणाऱ्या रानटी वनस्पतींपुरता अपवाद राखण्याची मुभा त्यात असून मेक्सिकोने तिचा उपयोग केला. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑरेगन राज्याने सार्वमताने निर्बंध शिथिल केले व २०२३ मध्ये प्रत्यक्ष सेवा सुरू झाली. तेथे २१ वर्षांवरील व्यक्तीस वैद्यकीय चिठ्ठीशिवाय, परंतु परवानाधारक केंद्रातच व प्रशिक्षित साहाय्यकाच्या उपस्थितीत सेवन करता येते. केंद्राचे वार्षिक परवानाशुल्क १०,००० डॉलर ठरविण्यात आले. केंद्रीय बंदी मात्र यामुळे उठली नाही. कोलोरॅडो राज्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये असाच कायदा संमत केला, तर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२३ पासून अधिकृत मानसोपचारतज्ञांना उपचारास न जुमानणाऱ्या विषण्णतेत हे औषध देण्याची परवानगी दिली.

आदिवासी हितसंबंध : कोलोरॅडोच्या कायद्याने मेस्कलिन या द्रव्याचा विचार करताना पेयोटे हे निवडुंग वगळले आहे. ते अतिशय मंद गतीने वाढते, अमेरिकेत मुख्यत्वे दक्षिण टेक्सासमध्येच आढळते आणि १९१८ मध्ये नोंदणी झालेल्या नेटिव्ह अमेरिकन चर्चच्या उपासनेस ते आवश्यक असते. या उपयोगास १९९४ च्या केंद्रीय कायद्याचे संरक्षण आहे. भूछत्रांची स्थिती याहून भिन्न आहे. ऑरेगनमध्ये मान्य असलेली सायलोसायबी क्यूबेन्सिस ही एकमेव जाती अनेक उष्ण देशांत आढळते व कृत्रिम रीत्या सहज वाढविता येते. त्यामुळे तिच्यावर कोणत्याही एका समाजाचा कायदेशीर हक्क सांगणे अवघड जाते. आनुवंशिक संपत्तीच्या लाभवाटपासंबंधीचा नागोया करार (२०१०) २०१४ पासून अंमलात असला, तरी अमेरिका त्यात सहभागी नाही. सायलोसिबिनाच्या विशिष्ट स्फटिकरूपासाठी मात्र तेथे एकस्वे देण्यात आली आहेत. एकस्वाच्या अर्जात आनुवंशिक संपत्तीचा व तत्संबंधित पारंपरिक ज्ञानाचा उगम नमूद करणे बंधनकारक करणारा आंतरराष्ट्रीय करार मे २०२४ मध्ये संमत झाला. तो अंमलात येण्यास १५ पक्षांचे अनुसमर्थन आवश्यक ठरविण्यात आले.

दुर्मिळ वनस्पतीचे रक्षण आणि ज्ञानाचे ऋण या दोन वेगळ्या बाबी आहेत. पहिलीची दखल कायद्याने घेतली आहे. दुसरीसाठी पुरेशी तरतूद झालेली नाही. नफ्यातील वाटा देण्याचे ठरविले, तरी परंपरा अनेक समाजांत विभागलेली असल्याने संमती कोणाची घ्यावयाची, हे आधी निश्चित करावे लागते. शिवाय पूज्य वस्तूची विक्रीच ज्यांना अमान्य आहे, त्यांच्या दृष्टीने मोबदला हे पूर्ण उत्तर ठरत नाही. म्हणून नियम तयार होत असतानाच या समाजांशी विचारविनिमय करणे, त्यांच्या विधींना परवान्याच्या अटींपासून मुक्त ठेवणे आणि नकार देण्याचा त्यांचा अधिकार मान्य करणे, या किमान अटी ठरतात.