सुईदोऱ्याने मिळवून दिलेला देश

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. हिटलरच्या राजवटीने सुमारे साठ लाख ज्यूंची कत्तल केली होती. त्यातून वाचलेल्यांना वाटले, आता घरी जाऊ. पण घर राहिले होते कुठे? पोलंडमधील किएल्त्से शहरात जुलै १९४६ मध्ये जमावाने अशा परतलेल्या ज्यूंवर हल्ला करून चाळीसहून अधिक माणसे ठार केली. युद्ध संपून वर्ष उलटल्यावर! हजारो कुटुंबांनी पुन्हा बोचकी बांधली आणि जर्मनी-ऑस्ट्रियातील निर्वासित छावण्या गाठल्या. ज्या देशाने मारले त्याच देशात आसरा घ्यायची पाळी आली.

बाहेरची दारे बंदच होती. कॅनडासारख्या अफाट आणि विरळ वस्तीच्या देशाने १९३३ ते १९४५ या काळात जेमतेम पाच हजार ज्यूंना आत घेतले होते. शेतकरी चालेल, ज्यू नको, असा तिथल्या अधिकाऱ्यांचा खाक्या.

युद्धानंतर मात्र तिथल्या खाणींना, जंगलतोडीला हात कमी पडू लागले आणि सरकार छावण्यांतून कामगार आणू लागले. लाकूडतोडे, खाणकामगार हवे म्हटले की ज्यू आपोआप बाहेर. तेव्हा कॅनडातील ज्यू कार्यकर्त्यांनी बरोबर ओळखले, की धंदा शिवणकामाचा हवा. पूर्व युरोपात पिढ्यान् पिढ्या ज्यूंना अनेक ठिकाणी जमीन घेता येत नसे, म्हणून घरोघरी शिंपीकाम आले. जन्मावरून धंदा वाट्याला येणे म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मग एक नवलाची गोष्ट घडली. कारखानदार मॅक्स एन्किन आणि कपडा कामगारांच्या युनियनचे बर्नार्ड शेन, म्हणजे एरवी मजुरीसाठी समोरासमोर बसणारे, एकाच शिष्टमंडळातून छावण्यांत गेले. बाहेरचा मजूर आला की मजुरी पडते, ही युनियनची नेहमीची भीती रास्तच असते. इथे युनियननेच पुढाकार घेतला.

छावण्यांत परीक्षा झाली. शिवून दाखवा, काज करून दाखवा! घरी शिलाई करणाऱ्या भगिनींना काजाची कसोटी ठाऊक आहेच. काहींनी तर त्यापूर्वी कधी सुई धरली नव्हती. ओळखीच्या शिंप्याकडून घाईघाईने चार टाके शिकून ते रांगेत उभे राहिले, आणि परीक्षकांनीही फार खोलात न जाता त्यांना पास केले, असे पुढे अनेक घरांतून सांगितले गेले. याला लबाडी म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही.

दोन हजारांहून अधिक कारागिरांना परवानगी मिळाली, पण सरकारने तिथेही मेख मारून ठेवली. सगळे ज्यू चालणार नाहीत, ठराविक प्रमाणातच हवेत! म्हणजे हातात कसब असूनही धर्म आडवा आला.

१९४८ पासून ही कुटुंबे बोटीने हॅलिफॅक्स बंदरात उतरू लागली. तिथून रेल्वेने टोरांटो, मॉन्ट्रियल, विनिपेग. टोरांटोच्या स्पडायना रस्त्यावरील कारखान्यांत मशीनवर बसलेल्यांना इंग्रजी येत नव्हते, पण शेजारी यिडिश बोलणारा कामगार असायचा. घरांची तर फारच टंचाई होती.

छावण्यांत मागे राहिलेले हळूहळू इस्रायल, अमेरिका, ऑस्ट्रेलियाला गेले. आजारी आणि वृद्ध मात्र कुणालाच नको होते. बव्हेरियातील फोहरेनवाल्ड ही शेवटची ज्यू छावणी रिकामी झाली ती १९५७ साली.