पडद्यावरची गाय थांबते, गोठ्यातली म्हैस थांबत नाही

फिनलंडमधील ‘सुपरसेल’ कंपनीने २०१२ मध्ये आणलेल्या ‘हे डे’ या शेतीच्या ऑनलाइन खेळात गाईच्या खाद्याचे सूत्र ठरलेले आहे. दोन सोयाबीन आणि एक मका गिरणीत घातला की खाद्याचे तीन नग तयार होतात. खेळणाऱ्यांची ओढाताण सुरू होते ती इथूनच. मका कोंबड्यांच्या खाद्यालाही लागतो. पेरलेल्या एका नगाचे दोनच नग हाती येतात. त्यामुळे सगळे सोयाबीन गिरणीत गेले तर पेरायला बी उरत नाही. कोठाराची जागाही मर्यादित असते. मग गोठा उपाशी राहतो. अर्थात, उपाशी म्हणजे गाय दूध देणे थांबवते आणि खाद्य मिळेपर्यंत उभी राहते, इतकेच. ती खंगत नाही, मरत नाही. आठवड्याने खाद्य घातले तरी दूध पूर्वीइतकेच मिळते.

गंगावेशीतील कट्ट्यावर डोळ्यांसमोर धार काढून घेतलेले दूध पिणाऱ्या कोल्हापूरकरांना हा हिशेब ओळखीचा वाटेल. त्यातली सवलत मात्र नव्हे. १९६३ मध्ये स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघामुळे जिल्ह्यात दुधाचा धंदा घरोघरी पोचला. त्याच जिल्ह्यात बागायती जमीन मोठ्या प्रमाणावर उसाखाली आहे. शिवार हिरवेगार दिसते; पण त्यातील फारच थोडी हिरवाई वैरणीची असते.

म्हणूनच गळीत हंगामात वाढे, म्हणजे उसाचा शेंड्याकडील पाला, हीच येथील मुख्य ओली वैरण ठरते. ते मुबलक आणि तुलनेने स्वस्त मिळते आणि म्हैस ते आवडीने खाते. दोष आहे तो वेगळाच. वाढ्यांत प्रथिने कमी असतात आणि ऑक्झलेट नावाचे द्रव्य असते. ते पोटातील कॅल्शियमशी संयोग पावते आणि न विरघळणारा क्षार बनून शेणावाटे निघून जाते. दुधात तर कॅल्शियम रोजच जात असते. ही तूट म्हैस आपल्या हाडांतून भरून काढते. महिनोन्‌महिने केवळ वाढ्यांवर ठेवलेल्या जनावराचे दूध घटते, माजावर येणे लांबते, व्यायल्यानंतर अंग टाकण्याची भीतीही वाढते. गव्हाण भरलेली आणि जनावर मात्र अर्धपोषित, असा हा प्रकार आहे. मालकाच्या तो लवकर ध्यानात येत नाही, कारण पोट भरलेली म्हैस ओरडत नाही. वाढ्यांबरोबर शाळूचा कडबा आणि लसूणघासासारखा द्विदल चारा देणे, रोज पन्नास ग्रॅमच्या आसपास क्षारमिश्रण घालणे आणि चुन्याची निवळी पाजणे हे त्यावरील उपाय पशुवैद्यक सांगतात. ते फारसे खर्चिक नाहीत.

आंबोणाचा हिशेब आणखी निराळा. सर्वसाधारण नियम असा की, शरीरपोषणासाठी दीड किलो आणि म्हशीच्या दर दोन लिटर दुधामागे एक किलो पशुखाद्य द्यावे. आठ लिटर देणाऱ्या म्हशीला त्यानुसार साडेपाच किलो लागते. सरकी पेंड, मका, भुसा यांचे भाव चढले की पहिली कात्री इथे लागते. ती दुधात आठवडाभरात दिसते. पुढे खाद्य पूर्ववत केले तरी त्या वेतात गेलेले दूध बहुधा पुरते परत येत नाही.

उपासानंतर एकदम भरपूर खाऊ घालणे तर घातकच. रवंथ करणाऱ्या प्राण्याचे अन्न प्रथम पोटातील सूक्ष्मजीव पचवतात आणि नव्या खाद्याशी जुळवून घ्यायला त्यांना दोन-तीन आठवडे लागतात. अचानक धान्याचा भडिमार झाला तर पोटात आम्ल वाढते. जनावर दगावूही शकते. खेळातील गिरणीला असा विलंब माहीतच नाही.

ऊस तोडणीला यंत्रे आल्यापासून वाढ्यांवरही परिणाम झाला आहे. मजूर हाताने शेंडा तोडून पेंढ्या बांधतात. यंत्रामागे पाल्याचे तुकडे शेतभर विखुरतात आणि ते गोळा करणे परवडत नाही. हंगाम संपला की वाढे संपतेच. उन्हाळ्यात विकतचा कडबा आणि हत्तीगवत यांवर वेळ भागते.

त्यानंतर पावसाळा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये नदीने ती कितीतरी फुटांनी ओलांडली. करवीर आणि शिरोळ तालुक्यांतील नदीकाठच्या गावांतून माणसांबरोबर जनावरेही हलवावी लागली. रचून ठेवलेली वैरण भिजली, गवतावर गाळ बसला. अशी कुजकी, बुरशी लागलेली वैरण खाऊ घालणे उपाशी ठेवण्याइतकेच धोक्याचे असते. या दिवसांसाठी मुरघास हा चांगला पर्याय आहे. चिकात आलेला मका कुट्टी करून, दाबून, हवाबंद ठेवला की साधारण दीड महिन्यात तयार होतो आणि पिशवी फुटली नाही तर अनेक महिने टिकतो. नदीकाठच्या शेतकऱ्याने त्या पिशव्या पूररेषेच्या वर ठेवायला हव्यात, आणि तशी जागा पुष्कळांकडे नाही.