सळया सोडल्यात म्हणजे मजला चढतो?

पुसदच्या कुठल्याही नव्या ले-आउटमध्ये जा, दिग्रस रोडला किंवा उमरखेड रोडला. मान वर केली की गच्च्यांवर कॉलमच्या सळया उभ्या दिसतात. एखाद्याने त्यांवर पाण्याच्या रिकाम्या बाटल्या उलट्या घातलेल्या असतात, एखाद्याने सिमेंटचं पाणी फासलेलं असतं, बहुतेकांच्या उघड्याच. पहिल्यांदाच घराचा मालक झालेला माणूस दोन-चार वर्षांत या सळयांकडे बघून हिशेब मांडू लागतो: मुलगी मोठी झाली, आईबाबा गावाहून यायचेत, वर दोन खोल्या काढू. मिस्त्री येतो, गच्चीवर एक चक्कर मारतो आणि निकाल देतो, "सळाखा सोडेल हायेत ना साहेब, कायले घाबरता? दोन मजले आरामात चढते."

हे वाक्य इतक्यांदा कानावर येतं की आता त्याची चीड येते. म्हणून आधी त्याचाच समाचार घेऊ.

गच्चीवरची सळई एवढंच सांगते, की खालच्या मजल्याचं काम झालं तेव्हा कुणाच्या तरी मनात वर बांधायचा विचार होता. पाया त्या विचाराच्या मापाने घातला होता का, हे ती सांगत नाही. मजल्याचं वजन शेवटी पेलतं ते जमिनीतलं फुटिंग. ते किती बाय किती आहे, किती खोल आहे, त्यात जाळी कितीची आहे, यातलं काहीही गच्चीवरून दिसत नाही.

वजनाचा अंदाज घ्या. 10 बाय 12 फुटांची एकच खोली. विटांच्या नऊ इंची भिंती दहा फूट उंच घेतल्या, तर दारं-खिडक्या वजा जाता 15-16 टन. वरचा पाच इंची स्लॅब साडेतीन टन. प्लास्टर, फरशी, पाण्याची टाकी आणि माणसं अजून मोजलेलीच नाहीत. म्हणजे "फक्त एक खोली" म्हणताना आपण घराच्या डोक्यावर वीस टन ठेवत असतो. गच्ची म्हणून धरलेल्या स्लॅबवर मध्येच, खाली बीम नसलेल्या जागी नऊ इंची भिंत उचलायची, हा प्रकार तर सर्रास चालतो. त्याच खोलीच्या बाहेरच्या भिंती एएसी ब्लॉकच्या आणि आतल्या कमी जाडीच्या घेतल्या, तर भिंतींचं वजन निम्म्याहून खाली येतं. पण ब्लॉक हलका आहे म्हणून खालचा पाया तपासायचं टळत नाही.

आता त्या सळयांकडेच जवळून बघा. चार-पाच पावसाळे खाल्लेली सळई नखाने खरवडली तर गंजाचे पापुद्रे हातात येतात. स्लॅबमधून सळई जिथे बाहेर पडते तिथे पाणी साचतं आणि गंज आत उतरतो. गंजलेलं लोखंड मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतं, त्यामुळे काँक्रीट आतूनच फुटू लागतं. लांबीचा प्रश्न वेगळाच. जुनी आणि नवी सळई एकमेकींवर पुरेशी चढवल्याशिवाय जोड ताकद घेत नाही. आयएस 456 या भारतीय मानकाच्या सूत्राने, एम-20 काँक्रीटमध्ये 12 मिलिमीटरच्या एफई-500 सळईला ताणाखाली ही चढ सव्वादोन फुटांच्या आसपास येते. गच्चीवर सोडलेले तुकडे बहुधा फूट-दीड फुटांचे असतात. म्हणजे ज्या सळयांच्या भरवशावर मजला चढवायचा, त्या जोडायलाही पुरत नाहीत.

याच गैरसमजाचा जुळा भाऊ म्हणजे "घराला दहा वर्षं झाली, माती बसली, आता काही होत नाही." दुसऱ्या एखाद्या जमिनीत हे काही अंशी खरंही ठरेल. पुसदच्या काळ्या मातीत ते चालत नाही. कापसाच्या या मातीत माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं. ते पावसाळ्यात पाणी पिऊन फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं. मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेच घराखाली आणि अंगणात घडत असतं. ही माती एकदा बसून स्वस्थ राहत नाही, दरवर्षी हलते. दाराच्या कोपऱ्यातून तिरपी निघणारी, पावसाळ्यात मिटणारी आणि उन्हाळ्यात उघडणारी भेग पुष्कळदा याच हालचालीची असते. पुट्टी भरून ती झाकता येते, थांबवता येत नाही.

या मातीचा तोडगा नवा नाही. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा जमिनींसाठी अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगीर केलेले खांब, विकसित केले. आयएस 2911 च्या तिसऱ्या भागात खोल काळ्या मातीत या पाइलची लांबी जमिनीखाली किमान साडेतीन मीटर सांगितली आहे, कारण हंगामी हालचाल त्या खोलीपर्यंत जवळपास संपते. तुमच्या प्लॉटमध्ये पाच फुटांवर चांगला मुरूम लागला असेल तर फुटिंग त्यावर टेकवता येतं. पण मुरूम किती खोल आहे हे शेजारच्या प्लॉटवरून ठरत नाही.

म्हणून पहिला खर्च विटांचा नाही, तपासणीचा. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. तो एक-दोन कॉलमपाशी खणून फुटिंग उघडं करून बघेल, काँक्रीटची रिबाउंड हॅमरने आणि गरज पडली तर अल्ट्रासॉनिक चाचणी सांगेल, आतल्या सळया यंत्राने शोधेल, मग आकडे मांडेल. 1983 पासून अभियांत्रिकी महाविद्यालय असलेल्या गावात घराच्या ताकदीचा निकाल गच्चीवर चक्कर मारून लागावा, हे आश्चर्यच. मिस्त्रीचा हात कितीही चांगला असो, मातीखालचं त्यालाही दिसत नाही.

वर न चढता बाजूला वाढवलं की सुटलो, असंही नाही. जुनं घर आणि नवी खोली यांचे पाये सारखे बसत नाहीत. नवी भिंत जुनीत दात काढून अडकवली की सांध्यावर उभी चीर ठरलेलीच. दोन्हींत मोकळा सांधा ठेवायचा आणि नव्या खोलीला तिचा स्वतंत्र पाया द्यायचा.

बाकीच्या गैरसमजांना एकेक परिच्छेद पुरे.

"आपल्याच जागेत बांधायला परवानगी कशाला?" महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 नुसार वाढीव बांधकाम हाही विकासच. कलम 44 खाली अर्ज करावा लागतो. विनापरवाना बांधकामाला कलम 52 मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेची तरतूद आहे.

"3200 फुटांपर्यंत परवानगी माफ झाली." ती बातमी ग्रामीण भागाची होती. तिथेही 1600 चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीला कागदपत्रांसह कळवावं लागतं आणि त्यापुढे 3200 पर्यंत तिचं प्रमाणपत्र लागतं. नगर परिषदेच्या हद्दीत 2020 ची एकत्रीकृत नियमावली आहे. तीत लहान भूखंडांची प्रक्रिया सोपी केली आहे, रद्द नाही.

"टॅक्सची पावती आहे, म्हणजे बांधकाम कायदेशीर." कर भरल्याने अनधिकृत बांधकाम नियमित होत नाही. नगर परिषदांच्या कायद्यात अशा बांधकामाला करावर वेगळी शास्ती आहे.

"शेजाऱ्याने लिहून दिलं, मार्जिन सोडायची गरज नाही." मार्जिन नियमाने ठरतं. शेजाऱ्याच्या सहीला ते माफ करायचा अधिकार नाही.

"सिमेंट जास्त टाका, दोन दिवस पाणी मारा." सिमेंट वाढवून मिश्रणात पाणीही जास्त ओतलं तर काँक्रीट कमजोरच होतं. कोरड्या, कडक उन्हात किमान 10 दिवस आणि मिश्रित सिमेंटला 14 दिवस पाणी द्यावं, असं आयएस 456 सांगतं. पुसदच्या एप्रिल-मेमध्ये यात सूट नाही.

"आपल्याकडे भूकंप होत नाही." शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात 2024 मध्ये 21 मार्चला आणि 10 जुलैला 4.5 तीव्रतेचे धक्के बसले.

क्रम साधा आहे: आधी पाया बघणं, मग इंजिनिअरचा सहीचा नकाशा, मग परवानगी, मग कर्ज, कारण बँकही मंजूर नकाशाच मागते. ठेकेदार सगळ्यांत शेवटी. त्याला एकच प्रश्न लेखी विचारा: फुटिंग किती बाय किती, किती खोल, कशावर टेकलंय? "भक्कम आहे" असं उत्तर आलं तर त्याला ते माहीत नाही असं समजा, आणि काम थांबवा.